बापदेवाची शेवटची ओळ

ठमाबाई घरत लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कुणी म्हणायला नको की लपवून ठेवलंत. अहो, तिला अंगठासुद्धा नीट उठवता यायचा नाही. तीस वर्षं मिठागरात राबलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेघा राहतात कुठं? मिठानं सगळ्या खाऊन टाकलेल्या. पण त्याच हाताला भाईंदरजवळच्या गोडदेव आणि नवघर या गावांच्या शिवेवरच्या बापदेवाचं अक्षर न् अक्षर पाठ होतं. ते कसं, ते सांगायचं आहे. आणि तिचा केसानं गळा कसा कापला गेला, तेही.

बापदेव म्हणजे छातीइतका उंच उभा दगड. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, खाली नऊ ओळी खाचा. गाव त्याला नक्षी म्हणायचं. देवाला शेंदूर लावायचा मान घरतांच्या घरातल्या सुनेचा, आणि त्या मानाची रीत मोठी विचित्र. सगळीकडं थापतात तसा शेंदूर इथं थापायचा नाही. चैत्री पुनवेच्या सकाळी उपाशीपोटी तेलात शेंदूर कालवायचा, त्यात अनामिका बुडवायची आणि डावीकडून उजवीकडं एकेका खाचेतून बोट फिरवत जायचं. एकही खाच सुटता कामा नये, एकही बुजता कामा नये. नऊ ओळी पुऱ्या होईपर्यंत गावानं समोर गप बसून राहायचं. पोरंसोरं कुरकुरायची, म्हातारे डोळे वटारायचे. असं का, म्हणून ठमानं एकदा सासूला विचारलं होतं. सासू म्हणाली, मला माझ्या सासूनं असंच सांगितलं. विषय संपला.

ठमा लग्न होऊन आली तेराव्या वर्षी आणि नवरा गेला तेव्हा तिशीत होती. मूलबाळ नाही. उरलं ते मिठागर आणि बापदेव. वर्षभर डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायच्या, टाचा भेगाळायच्या, भेगांत मीठ जाऊन जीव नकोसा व्हायचा. पण चैत्रातल्या त्या एका सकाळी सगळं गाव तिच्या बोटाकडं बघत बसायचं. त्या एका सकाळच्या जोरावर ती बाकीचं वर्ष काढायची.

सन एकोणीसशे बत्तीसमध्ये मिठाची एक गाडी मागं घेताना बैल बिथरले आणि गाडीचं चाक बापदेवावर आदळलं. खालच्या उजव्या अंगाचा एक टवका उडाला. शेवटच्या ओळीतला निम्मा भाग त्या टवक्यावर गेला. देवाचा तुटलेला तुकडा ठेवायचा नाही म्हणून गावानं तो वाजतगाजत खाडीत सोडला. पण ठमाच्या बोटाला ते कोण समजावणार? दुसऱ्या वर्षी बोट शेवटच्या ओळीत आलं, खाचा संपल्या, तरी सपाट दगडावर ते आपलं जुन्या वळणानं फिरतच राहिलं. बायका हसल्या. ठमाही हसली.

चौतीसच्या हिवाळ्यात प्रोफेसर आठल्ये आले. मुंबईच्या एका कॉलेजात शिकवत. जुने शिलालेख हुडकत गावोगाव फिरायची त्यांना हौस. डोक्याला हॅट, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. दगडापुढं आले आणि चिखलाची पर्वा न करता मटकन गुडघ्यावर बसले. ठमा पाटी उतरवून बघत उभी राहिली. देवापुढं माणसं गुडघे टेकतात ते तिनं पाहिलं होतं. पण हा बुवा हात जोडत नव्हता, डोळे बारीक करून ओळीवरून नजर फिरवत होता. डावीकडून उजवीकडं. तिच्या बोटासारखी.

ही नक्षी नाही, हे लेखन आहे, असं त्यांनी गावाला सांगितलं. सात-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी काहीतरी सांगून ठेवलं आहे, आणि ते वाचायचं तर दगडाचा ठसा घ्यावा लागेल. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशानं चोपायचा, मग वरून शाई लावायची. झालं! गावात काहूर उठलं. देवाला चोपायचं म्हणजे काय? वर काळं फासायचं? धर्मा पाटील म्हणजे ठमाचा चुलत दीर आणि गावातला वजनदार माणूस. त्यानं तर प्रोफेसरांना सरळ स्टेशनची वाट दाखवली.

तेव्हा मध्ये पडली ती ठमा. भर बैठकीत बाईमाणूस बोलत नसे, पण ती बोलली. "एवढी वर्सं बोट फिरवतंय मी. कशावर फिरवतंय, तेवढं कळलं पायजे मना. मरायच्या आधी कळलं पायजे." खरं म्हणजे सगळ्यांच्याच मनात ते होतं. बापजाद्यांपासून ज्याच्यापुढं बसतो तो बोलतो तरी काय?

मग धर्मानं अट घातली. लेख वाचला की आधी गावाला वाचून दाखवायचा, गावाला समजेल अशा बोलीत, बापदेवापुढं बसून. मुंबईला मग. प्रोफेसर म्हणाले, अहो त्यात काय, आनंदानं. आणि हे म्हणताना त्यांनी दगडाच्या माथ्यावर, चंद्र-सूर्यावर, उजवा हात ठेवला. "आधी तुम्हालाच वाचून दाखवीन. येत्या चैत्रात."

आता इथली रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडकलं. खाडीतल्या जाळ्याच्या जागेचा तंटा असो, मिठागराच्या बांधाचा असो, या गावात बापदेवावर हात ठेवून बोललेला शब्द शेवटचा. त्यानंतर साक्षीदार नाही, कागद नाही. बाहेरच्या माणसानं हात ठेवला तर त्याच्या शब्दाला जामीन राहायचं ते शेंदराच्या मानकरणीनं. धर्मा बेरकी, तो म्हणाला, शहरातला माणूस आहे, दोन ओळी लिहून घेऊ. ठमा त्याच्यावर उखडली. देवावर हात ठेवलेल्या माणसाकडं कागद मागायचा म्हणजे देवाचीच लाज काढायची, असं म्हणाली. मी हाय ना जामीन, म्हणाली. चूक झाली ती इथं. पण त्या गावात वाढलेल्या कुणाच्याही हातून ती झालीच असती.

तीन दिवस काम चाललं. ठमानं मिठागरातल्या कामाचा खाडा केला. कोमट तेलानं शेंदूर सुटा करायचा, नारळाच्या काथ्यानं पुसायचा, खाचेला लोखंड लागू द्यायचं नाही, हे सगळं तिनंच प्रोफेसरांना शिकवलं. ते तिला "अगं ए बाई, पाणी आण" म्हणत. ती आणत होती. बदल्यात ती एकेका खाचेवर बोट ठेवून विचारायची, हे काय? ते सांगायचे, हा क. हा म. तिसऱ्या दिवशी शेवटच्या ओळीपाशी आले आणि त्यांचा चेहरा पडला. नेमका महत्त्वाचा भाग तुटला म्हणाले. या ओळीत काहीतरी आज्ञा आहे, आणि आज्ञाच गेली. तो तुकडा कुठं आहे? खाडीत, म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

ठमा बाजूच्या बांधावर गेली. ओल्या चिखलाचा एक हातभर तुकडा तळव्यानं सपाट केला, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. डावीकडून उजवीकडं. थांबली नाही, खोडलं नाही. अकरा खाचा काढल्या आणि उठून बाजूला झाली.

प्रोफेसर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी वहीत ती अकरा अक्षरं उतरून घेतली. "ठमाबाई," ते म्हणाले, "तुम्ही काय केलंत, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमचं नाव मी जगाला सांगेन."

तू होतं त्याचं तुम्ही झालं. ठमाला नावाबिवाचं काही वाटलं नाही, जगात तिच्या ओळखीचं कोण होतं? पण ते तुम्ही तिनं जपून ठेवलं. काय लिहिलंय, असं तिनं विचारलं तेव्हा प्रोफेसर हसले. चैत्रात सांगतो म्हणाले, सगळ्यांपुढं. तिलाही ते पटलं. सगळ्यांच्या आधी आपणच ऐकणं बरं दिसलं नसतं.

चैत्र आला. गावानं बापदेवापुढची जागा सारवली, प्रोफेसरांसाठी नवी चटई आणली, नारळ ठेवला. शेजारच्या उत्तनहून ओळखीची चार माणसं ऐकायला आली. ठमानं शेंदूर भरला, ऊन डोक्यावर आलं, प्रोफेसर आले नाहीत. आजारी पडले असतील, ठमा म्हणाली. परीक्षा असतील कॉलेजात. दुसरा चैत्र आला. चटई पुन्हा अंथरली. पुन्हा तेच. या वेळी ठमाला कारण सुचेना. बायका तिच्याकडं बघून कुजबुजू लागल्या. धर्मा पाटील काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं तिला जास्त लागलं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मिठागराच्या कारकुनानं वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवली. मुंबईत विद्वानांच्या सभेपुढं प्रोफेसर आठल्ये यांचं व्याख्यान, भाईंदरजवळ सापडलेल्या शिलालेखावर. अमुक वारी, दुपारी चार वाजता. ठमानं ठेवणीतलं लुगडं नेसलं, एक नारळ घेतला आणि एकटी मुंबईला गेली. तिला वाटलं, वाट चुकलेल्या माणसाला हाताला धरून आणावं. विसर पडला असेल, मोठ्या माणसांना शंभर कामं. नारळ हातात दिला की आठवेल. बघा, तोवरसुद्धा तिचा त्याच्यावर विश्वास होता!

दारवानानं तिला आत सोडलं नाही. बापडा वाईट नव्हता. व्हरांड्यात उभं राहा म्हणाला, दार उघडं आहे. ठमानं दारातून पाहिलं. समोरच्या भिंतीवर बापदेव टांगला होता. काळ्या कागदावर पांढऱ्या खाचा, पुऱ्या नऊ ओळी. आणि शेवटच्या ओळीत, जिथं दगडाला काही नव्हतं तिथं, पांढऱ्या रंगानं काढलेली तिची अकरा अक्षरं. तिचं बोट लुगड्याच्या काठावर आपोआप फिरायला लागलं. आता माझं नाव घेतील, असं तिला वाटलं, आणि उगाच लाजून तिनं पदर सारखा केला.

प्रोफेसर इंग्रजीत बोलत होते. तासभर बोलले. त्यांनी शेवटच्या ओळीवर छडी ठेवली, स्वतःच्या छातीला बोट लावलं, काहीतरी म्हणाले, आणि सभा टाळ्यांनी दुमदुमली. ठमाला एक शब्द कळला नाही. पण छातीला लावलेलं बोट कळायला इंग्रजी लागत नाही.

सभा सुटली. प्रोफेसर बाहेर आले, भोवती चार कोटवाले. ठमा पुढं झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थानं विचारलं, ही कोण? प्रोफेसरांनी तिला ओळखलं. नक्की ओळखलं, त्यांची नजर आधी तिच्या हाताकडं गेली. "आमच्या त्या दगडाजवळची बाई," ते मराठीत म्हणाले. "धुवायला पाणी आणून द्यायची. काय गं, बरं आहे ना तुझं?"

ठमानं नारळ पुढं केला नाही. ती म्हणाली, आमचे गावाला कधी वाचून दाखवणार, साहेब? दोन वर्सं चटई घालून बसलोय आमी. प्रोफेसर हसले. ते जुन्या भाषेतलं आहे बाई, तुम्हा लोकांच्या उपयोगाचं नाही, कळायचं नाही तुम्हाला. तरी ठमानं शेवटचं ते बोलून टाकलं.

"तुमी हात ठेवला होता, साहेब."

"कशावर?" प्रोफेसरांनी विचारलं.

ते सोंग करत नव्हते. खरंच त्यांना आठवत नव्हतं. दगडाला टेकून उभा राहिलेला माणूस हात कुठं ठेवला ते ध्यानात ठेवतो का? ठमा तिथल्या तिथं जे समजायचं ते समजली. नारळ तिनं दारवानाला दिला आणि परत फिरली.

घडलं ते तिनं गावात जसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. आणि गावानं काय केलं? शब्द मोडणाऱ्यावर बापदेव कोपतो अशी सगळ्यांची खात्री. लोक चैत्रापर्यंत वाट बघत राहिले, की आज आठल्याचं काही होईल, उद्या होईल. तर कारकुनानं वर्तमानपत्रात वाचलं, प्रोफेसरांना कसलंसं मानाचं पद मिळालं, फोटो छापून आला. मग देवाचा कोप उतरायचा कुणावर? जामिनावर. सदतीसच्या चैत्रात बैठक बसली आणि ठमाचा मान काढून घेतला. तो धर्मा पाटलाच्या सुनेला दिला. ठमा एवढंच म्हणाली, की तिला खाचा भरायला मी शिकवते. नको, म्हणाले. तुझी रीत गावाला भोवली. त्या दिवसापासून बापदेवाला चारचौघांसारखा शेंदूर थापायला लागले, वरपासून खालपर्यंत, ओंजळीनं.

दहा वर्षं ठमा त्या वाटेनं गेली नाही. मिठागराला जायला ती बांधावरून लांबचा वळसा घालायची. चैत्री पुनवेला घरात बसून राहायची, दार लावून. शेजारणी म्हणायच्या, कडू झालीय. झाली होती. प्रोफेसरानं तोंडाला पानं पुसली त्याचं दुःख होतंच. पण तो परका. ज्या गावापुढं मी जामीन राहिले त्यानंच मला काढलं, हे तिला गिळवत नव्हतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ते काय लिहिलंय ते अजून कळलं नव्हतं.

ते कळलं उत्तनच्या ऑगस्टीन मास्तरांमुळं. चर्चच्या शाळेत शिकवायचे. त्या पहिल्या चैत्रात ऐकायला आलेल्या चार माणसांतले एक, रिकाम्या चटईकडं बघून परतलेले. त्यांच्या डोक्यातून ती चटई गेली नव्हती. सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत कामानिमित्त मुंबईला गेले असताना एका ग्रंथालयात त्यांना जुना अंक सापडला, आठल्यांच्या लेखाचा. बाहेर नेऊ देईनात म्हणून दोन दिवस बसून त्यांनी तो शाळेच्या वहीत पेन्सिलीनं उतरवला आणि थेट ठमाच्या दारात आले.

मास्तरांनी ओसरीवर बसून सगळं मराठीत सांगितलं. लेखक म्हणतो, दगड मला झुडपात बेवारस सापडला. लेखक म्हणतो, गावातले लोक अडाणी, लेखावर शेंदूर फासतात, त्यात काय आहे याची त्यांना गंधवार्ता नाही. शेवटच्या ओळीचा तुटका भाग लेखकानं स्वतःच्या व्यासंगाच्या बळावर भरून काढला. ठमाचं नाव? मास्तरांनी मान हलवली. कुठंही नाही.

ठमा ऐकत होती. तिला आता नावाचं सोयरसुतक नव्हतं. "लिवलंय काय, ते सांगा," ती म्हणाली.

तेही मास्तरांनी सांगितलं. गोड्या पाण्याच्या एका विहिरीसाठी कुणी एका सरदारानं मिठागराचा तुकडा देऊन टाकला आहे. ते पाणी कुणालाही, कुठल्याही जातीच्या माणसाला, वाटसरूला, अडवायचं नाही. चंद्र-सूर्य असेतो हे चालावं. मास्तर थांबले. वहीचं पान उलटलं, पुन्हा मागं आले, आणि शेवटची ओळ हळूहळू सांगितली. "ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, मानकऱ्यानं हे दर चैत्रात गावापुढं वाचून दाखवावं. गावापुढं वाचून दाखवावं, ही तुम्ही चिखलात काढलेली अकरा अक्षरं."

मग ठमानं विचारलं, ते त्यानं वाचलं होतं?

"वाचलं होतं. छापलंय पण," मास्तर म्हणाले.

"म्हंजे ठाऊक असून न्हाय आला."

मास्तरांनी वही मिटली. ठमा आपल्या बोटाकडं बघत राहिली. घरतांच्या कुठल्यातरी पिढीत वाचणारं माणूस संपलं, शब्द गेले, आवाज गेला. पण बोट फिरवायचं राहिलं, आणि गावानं समोर गप बसायचं राहिलं. सासूनं, तिच्या सासूनं, सगळ्यांनी इमानानं तेवढं चालवलं. आणि ज्याला एकट्याला वाचता आलं त्यानं ते मुंबईला नेऊन बंद दारात वाचलं.

त्या चैत्री पुनवेला ठमा दहा वर्षांनी शिवेवर गेली. मास्तर बरोबर होते. धर्मा पाटील आता थकला होता, काठी टेकून पुढं बसला होता. त्याची सून शेंदूर थापून नुकतीच बाजूला झाली होती. ठमा कुणाला न विचारता पुढं गेली. एकदोघं उठले, तिला अडवायला. धर्मानं काठी आडवी धरून त्यांना बसवलं. तेवढं त्याच्याकडून झालं.

तिनं अनामिका दगडावर ठेवली. बोटाला काही लागेना. दहा वर्षांचा शेंदूर बोटभर जाड चढला होता, खाचा सगळ्या बुजल्या होत्या, सपाट लाल भिंत. तरीही ती डावीकडून उजवीकडं गेली, ओळीमागून ओळ, आणि महिनाभर मास्तरांकडून घोकून घेतलेलं मोठ्यानं सांगत गेली. विहिरीचं सांगितलं. मिठागराचं सांगितलं. पाणी कुणाला अडवायचं नाही ते सांगितलं. पोरंसुद्धा कुरकुरली नाहीत. शेवटच्या ओळीत बोट तुटल्या जागेवर आलं, तिथंही शेंदूर थापलेला होता. तिनं ती ओळ सांगितली आणि मागं वळली.

"त्यानं मना फसवलं, ते मी सोसलं," ती गावाला म्हणाली. "पण तो कुठला कोण. तुमी तर रोज मिठात माझ्यासंगं उभी होतात."

धर्मानं काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढल्यासारखं केलं आणि मान तुझा, ठमा, परत घे, असं पुटपुटला. ठमानं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. ती खाली बसली होती, नारळाचा काथ्या हातात घेऊन, आणि दगडाच्या उजव्या कोपऱ्यातून शेंदूर पुसायला लागली होती.